तीन बॅनरवरचा एकच चेहरा

जुळे सोलापुरात आमच्या कोपऱ्यावर एक पंक्चरवाला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण या निवडणुकीत त्याचं तोंड मला पाठ झालं. चौकात तीन उमेदवारांना 'जाहीर पाठिंबा' देणारे तीन बॅनर लागले होते, आणि तिन्हींवर खालच्या रांगेत हाच, चौकडीचा शर्ट घालून, कानाला मोबाईल लावलेला.

"तिघांनाही पाठिंबा?" मी छेडलं.

पाण्यात ट्यूब दाबून तो बुडबुडे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "पोरं गल्लीतलीच. फोटो मागत्यात, न्हाय कसं म्हणायचं?"

मतदानाच्या सुट्टीला मी वळसंगला सासुरवाडीच्या जेवणाला निघालो, तर स्कूटरचं चाक बसलेलं. त्याचं दुकान बंद. शोधत शाळेवर गेलो. हा मतदानाच्या रांगेत, तोच शर्ट कडक इस्त्री करून.

"तेवढं पंक्चर काढून द्या की!"

"आधी मत. फोटोच्या कितीबी कॉप्या निघत्यात साहेब, मत एकच हाय. तुमी दिलं?"

"कुणी लायकच नाही हो," मी नेहमीचं उत्तर दिलं.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अगदी काळजीनं.

"मत बी न्हाय, बॅनरवर फोटो बी न्हाय. मग तुमी नक्की ऱ्हाता कुटं?"

ओळखपत्र आणायला मी घरी गेलो. चालतच.