माहेर राखणारे हळदेकर सर

प्रा. गंगाधरराव हळदेकर सरांची आणि माझी पहिली भेट नांदेडची, समाजशास्त्र एम.ए.च्या पहिल्याच तासाची. लातूरहून चांगले गुण घेऊन आलेली मी. अंगात थोडी मिजास होतीच. ‘‘कुटुंब म्हणजे काय?’’ सरांनी विचारलं. मी उभी राहून व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि ते म्हणाले, ‘‘तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं, बेटा?’’ मी म्हणाले, ‘‘आई.’’ ‘‘मग हे व्याख्येत कुठं आलं?’’ वर्ग हसला, मीही हसले. भूमिका, दर्जा, सत्ता हे शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात दिसले. आज लातूरला शिकवताना पहिल्या तासाला मी हाच प्रश्न विचारते, आणि तो सरांचा आहे हे सांगत नाही.

सरांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. इस्लापूरपासून किल्लारीपर्यंत सर जीपच्या मागच्या बाकावर बसून हिंडले. नमुना निवड, मुलाखत, निरीक्षण हे सगळं त्यांनी फळ्यावर कमी आणि लोकांच्या ओसरीवर जास्त शिकवलं. कुणाच्या घरी चहाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांच्या संशोधनपद्धतीतला पहिला नियम. रक्तातली साखर वाढल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, आणि त्यावरून त्यांच्या पत्नी सुमनकाकूंचं त्यांच्याशी अजून भांडण चालू आहे.

पण सर काय आहेत हे मला खरं कळलं ते हक्कसोडीच्या अभ्यासात. वडिलांच्या शेतातला आपला वाटा बहिणी भावांच्या नावे सोडून देतात. तो खुशीनं सोडतात का, एवढाच आमचा प्रश्न होता. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, म्हणून आम्ही विद्यार्थी नेमके त्याच सणाला देगलूरकडच्या एका गावात गेलो. सगळ्या बहिणी एका जागी सापडल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘‘भावाला खुशीनं दिलं.’’ काम फत्ते झालं म्हणून आम्ही मिरवत परतलो. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्या बोलत होत्या तवा भाऊ कुठं होते?’’

भाऊ शेजारीच बसले होते.

‘‘मग घर बोललंय. बाई बोलायची राहिलीय. सासरचं दुखणं माहेरी विचारावं आणि माहेरचं सासरी. पुन्हा जा.’’

आम्ही पुन्हा गेलो, या वेळी त्या लेकींच्या सासरी. एका बाईंशी सर स्वतः बोलले. सोबत फक्त काकू होत्या. भावानं पंचमीला साडी नेसवली, देवदर्शनाला म्हणून गाडीत बसवलं आणि वाटेत कचेरीत सही घेतली. कशावर ते सांगितलंच नाही, असं त्या म्हणाल्या. अहवालात कुणाचंही नाव येणार नव्हतं. तरी आमच्यातल्या एकानं सरांच्या टिपणावरून मजकूर उतरवताना त्या भावाच्या धंद्याचा उल्लेख तसाच ठेवला. बाकी कुणी तो वाचण्याआधीच सरांनी ती ओळ काट मारून काढली. ‘‘गावाला नाव कशाला लागतंय? धंदा सांगितला तरी पुरतंय.’’

छापण्याआधी अहवाल त्याच गावात वाचून दाखवायचा, ही सरांची रीत. मारुतीच्या पारावर माणसं जमली. तो भाग आला आणि एक वजनदार गृहस्थ ताडकन उठले. आमच्या कॉलेजच्या संस्थाचालकांचे ते व्याही. ‘‘कोणाची बहीण हाय ही? नाव सांगा सर! गावाची अब्रू काढून राहिले तुमी!’’ पाठोपाठ आणखी आवाज उठले. नाव बाहेर पडलं असतं तर त्या बाईंचं माहेर कायमचं तुटलं असतं. आणि सरांची प्राचार्यपदाची निवड अगदी तोंडावर आली होती.

‘‘नाव मिळणार न्हाई,’’ सर म्हणाले. ‘‘लिहिणारा मी हाय. राग माझ्यावर काढा.’’ आणि त्यांनी पुढचं पान वाचायला घेतलं. व्याही तणतणत निघून गेले. बाकीचे मात्र शेवटपर्यंत बसून राहिले. प्राचार्यपद सरांना मिळालं नाही. मला त्याचा अजून संताप येतो. सर हसून म्हणतात, ‘‘बरं झालं, फायलीतून सुटलो.’’

माझी मुलगी तान्ही असताना मी पीएच.डी. सोडायला निघाले होते. तेव्हा काकूंनी मुलीला मांडीवर घेतलं, सरांनी माझ्या प्रबंधाचं अडलेलं प्रकरण तपासायला घेतलं, आणि पुढे कधी त्याचा उल्लेखही केला नाही. असं हक्काचं घर आमच्यापैकी अनेकांना सरांकडे मिळालं.

या गौरवग्रंथाचं ठरलं तेव्हा समितीच्या मनात आलं, त्या बाईंनाही व्यासपीठावर बोलवावं, सरांच्या हस्ते त्यांचा सत्कार करावा. इतक्या वर्षांनी आता कोण काय म्हणणार? नाव विचारून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी जाऊन विचारलं. सरांनी कप खाली ठेवला.

‘‘बेटा, त्या बाईला अजून पंचमीला माहेरी जायचं असतंय.’’

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मला आणखी एक कप चहा दिला, नाव काही दिलं नाही.

सर, तुम्हाला आणि काकूंना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. तुमच्या शंभरीच्या सत्काराच्या वेळी मी पुन्हा हेच नाव विचारायला येणार आहे. तेव्हाही ते सांगू नका.