दोन पाटे जास्त

कुठलीही गाडी समोर येऊन उभी राहिली की तो तिच्या मागे जायचा. बॉनेटकडे ढुंकूनही बघायचा नाही. मागच्या बंपरवर उजवा तळवा ठेवून सगळं अंग टाकायचा, सोडायचा, आणि गाडी किती वेळा खालीवर होते ते बघायचा. मग तोंड वाकडं करून "छ्या!" म्हणायचा आणि शेणात हात गेल्यासारखा तळवा पँटला पुसायचा. गाडीवाल्याला राग यायचा, पण याला त्याचं काही नसायचं. पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"मांगं कोन बसते?"

आर्णीत माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे त्याची भट्टी. तो पाटे ठोकायचा. गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार झेलणाऱ्या, एकावर एक बांधलेल्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्या. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, मी चाचा म्हणायचो. ज्याला जगातली एकही गोष्ट धड दिसत नाही असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. चहा आला की चाचा आधी वास घ्यायचा, "हे दूध हाय का चुना?" असं विचारायचा, आणि मग तोच चहा दोनदा मागवायचा. नव्या गाडीतल्या प्लॅस्टिकच्या वासानं त्याला मळमळायचं, स्वतःच्या भट्टीतला जळक्या ग्रीसचा धूर मात्र तो खुशाल गिळायचा.

आणि ती वर्षंही किळस यावी अशीच होती. कापसाला कुणी विचारत नव्हतं, आणि रस्त्यावर तर कापसाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. काळी-पिवळी जीप सकाळी माणसं भरायची, दुपारी कापसाचे गठ्ठे. भिजलेल्या कापसाचा आंबूस वास, फवारणीच्या औषधाचा वास आणि डिझेल, हे सगळं एकाच सीटवर. जीप गठ्ठ्यांखाली मागून बसू नये म्हणून प्रत्येक ड्रायव्हर माझ्या काउंटरवर येऊन एकच मागायचा, "भाऊ, दोन पाटे जास्त द्या." भरलेली असताना अशी जीप छान चालायची. रिकामी झाली की मागून लाथा झाडायची, आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची डोकी छताला लागायची.

चाचा जास्तीचे पाटे बसवून द्यायचा नाही. ड्रायव्हर त्याला शिव्या देत स्टँडजवळच्या दुसऱ्या फिटरकडे जायचे. पाटे मात्र माझ्याच दुकानातून जायचे. मी विकायचो. विकणं हा माझा धंदा आहे, असं मी स्वतःला सांगायचो.

अशात आमच्या जिनिंगवाल्या शेठनं हैदराबादहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. दोनच दारं, हातभर लांब नाक, आठ सिलिंडर. चालू झाली की समोरच्या शाळेतला वर्ग थांबायचा. वयामुळे ती मागून पार बसली होती. शेठला ती मागून उचललेली हवी होती, अगदी सिनेमातल्यासारखी, आणि तीही कापूस खरेदीच्या मुहूर्ताच्या आत. जिनिंगच्या फाटकावर हार घालून उभी करायची होती. बाहेर बैलगाड्यांची आणि जीपांची रांग अर्धा मैल लागणार आणि त्या रांगेला दाखवायला ही गाडी! मला तेव्हाच शिसारी आली होती. पण नागपूरहून माल मागवण्याची संधी काही मी सोडली नाही.

मी काउंटरवर नागपूरच्या मालाचे कागद पसरले. शेठ बसला होता, चाचा उभा. पहिला प्रकार हवा भरायच्या शॉकअपचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांचा.

"हवा? सायकल हाय का हे? आपल्या रोडवर आठ दिवसात फुस्स."

दुसरा, चेसी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा कापून गोल स्प्रिंग बसवायचा.

"इतक्या चांगल्या हाडाची गाडी, कापता कायले? छ्या!"

तिसरा, पाचाच्या जागी सात जाड पाट्यांचा तयार सेट. चाचानं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. "हे गिट्टीच्या ट्रॅक्टरले लावा."

त्याचं म्हणणं साधं होतं. मूळचे पाच पाटे काढायचे, तापवून कमान परत द्यायची, पाण्यात बुडवून कडक करायचे, सांध्यातले बुश आणि शॉकअप नवे टाकायचे. "थकली हाय बिचारी. कमान देतो, बरोबर उठते."

"पन उंच दिसली पाह्यजे ना मिस्त्री," शेठ म्हणाला.

"मांगं कोन बसते?"

"कोनी नाही. शोभेची गाडी हाय."

"शीट हाय, तं कोनीतरी बसनच," चाचा म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

संध्याकाळी मी त्याच्या भट्टीवर गेलो. म्हटलं, "चाचा, शेठच्या हौसेची गाडी आहे. काहून अडून राह्यले?"

त्यानं भाता थांबवला. मग म्हणाला, "तुयी चाची होती तवा मी ढाणकीले होतो. सातवा महिना होता तिले. एकाएकी दुखाले लागलं, उमरखेडले न्या लागलं. जीप होती एक. रिकामी, मांगं ती एकटी. पाटे मीच टाकलते त्या जीपले. दोन जास्त." त्यानं घण उचलला आणि परत ठेवला. "हर खड्ड्यात ती म्हने, हळू घ्या ना, हळू घ्या. हळू घेऊन काय होते? पाटाच वाकत नाही तं! पोटात पोरगी होती, भाऊ. गेली."

त्यानं तळवा पँटला पुसला. आतापर्यंत ज्या सवयीला मी हसत आलो होतो, तिच्याकडे त्या दिवशी मला बघवेना.

हे सगळं ऐकून मी काय केलं? तिसऱ्या दिवशी शेठला सात पाट्यांचा सेट दिला. स्टँडजवळच्या फिटरनं तो बसवला. गाडी मागून अशी उचलली गेली की मारका बैल शिंगं खाली करून उभा आहे असं वाटावं. मुहूर्ताला लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्याच दिवशी दुपारी रांगेतली एक जीप पाटा तुटून फाटकाजवळ बंद पडली. चाचाला बोलावलं. जॅक काळ्या मातीवर लावला होता. रात्री पाऊस झालेला, माती वरून वाळलेली आणि आतून लोणी. चाचा खाली शिरला तशी भरलेली जीप घसरून त्याच्या कमरेवर आली. आम्ही आठ-दहा जणांनी उचलून त्याला बाहेर काढलं. पाय हलत होते, पण तो शुद्धीवर असूनही ओरडत नव्हता, याचीच मला भीती वाटली. यवतमाळला नेणं भाग होतं. प्रत्येक जीप कापसानं भरलेली. रिकामी गाडी एकच होती. शेठनं हार ओरबाडून काढले आणि स्वतः ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली. खोटं कशाला सांगू, त्यानं क्षणभरही विचार केला नाही.

दोनच दारं. पुढची सीट वाकवून त्याला आत सरकवलं. मी मागे बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पहिल्या खड्ड्यात गाडी उडाली आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला. मी ड्रायव्हरवर ओरडलो, "हळू घे!" त्यानं घेतली. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा तेच. रस्ता खड्ड्यांचाच होता. मी "हळू घे, हळू घे" म्हणत होतो आणि आपण काय म्हणतोय हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

चाचानं डोळे उघडले. "किती टाकले?"

"सात."

"कोनं बसवले?"

मी स्टँडजवळच्या फिटरचं नाव सांगितलं.

"माल तं तुयाच दुकानातला हाय," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, जो मार लागायचा तो जीपखालीच लागला, प्रवासानं काही बिघडलं नसावं. 'नसावं' म्हणाले. तो पुन्हा उभा राहिला नाही. भट्टी बंद झाली आणि उमरखेडला दिलेल्या त्याच्या थोरल्या मुलीनं त्याला आपल्या घरी नेलं.

महिनाभर मला माझ्या काउंटरचीच किळस येत होती, जीपवाल्यांना जास्तीचे पाटे मात्र मी देतच होतो. मग मी शेठकडे गेलो, हात जोडले, आणि गाडीचे दोन पाटे काढायला लावले. काम झाल्यावर मागे उभा राहून बंपरवर अंग टाकलं. एकदा खाली, एकदा वर, आणि गाडी शांत. ती बातमी घेऊन, एखादं बक्षीस घेऊन निघावं तसा, मी बसनं उमरखेडला गेलो.

तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. मुलीनं चहा आणला. त्यानं वास घेतला नाही, तसाच प्यायला.

"चाचा," मी म्हटलं, "शेठच्या गाडीचे दोन पाटे काढले. आता एकदम बरोबर बसते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आता मांगं कोन बसते?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"छ्या," तो हळूच म्हणाला. मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं आणि उजवा तळवा चादरीला पुसला. ती माझी त्याच्याशी शेवटची भेट.