वांग्याच्या सभेत मावशीचा प्रश्न

वांग्याच्या सभेला मी मावशीला घेऊन गेलो ही माझी पहिली चूक. दुसरी तिथे पोचल्यावर दहा मिनिटांत केली.

तेव्हा जनुक बदललेल्या वांग्यावरून देशभर वाद पेटला होता. अळी लागू नये म्हणून वांग्यात एका जिवाणूचा जनुक घातलेला. सरकारी समितीने होकार दिला होता, आणि लोकांचं म्हणणं दिल्लीला कळवायचं म्हणून बडोद्यातल्या एका संस्थेने जाहीर सभा ठेवली होती.

मावशी जुन्या बडोद्यात घडियाळी पोळात राहायची. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. चाचण्यांचा जाडजूड अहवाल तिने माझ्याकडून छापून घेतला (कारखान्याच्या प्रिंटरवर, आता सांगायला हरकत नाही) आणि पेन्सिल घेऊन ओळन् ओळ वाचला.

"तुझ्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात माल बनवणाराच तो पास करतो का रे?"

"नाही गं. तपासायला मी असतो."

"म्हणजे काळजीच आहे. पण निदान दुसरा माणूस तरी असतो. इथे बियाणं विकणाऱ्यांनीच चाचण्या करून घेतल्यात. दुसऱ्या कुणी तपासलं का, एवढंच मला विचारायचंय. हो म्हणाले तर खाईन, नाही म्हणाले तर नाही."

हा एकच प्रश्न तिने फुलस्केपवर गुजरातीत लिहून आणला होता.

दारात नावनोंदणी होती. अर्जावर चौकोन दोनच, समर्थन आणि विरोध. मावशी पायऱ्या चढत होती, म्हणून तिचा अर्ज मीच भरायला घेतला. प्रश्न विचारायचाय म्हटल्यावर टेबलामागचे गृहस्थ वैतागले.

"काका, सीधी वात करो ने. घरमां रिंगणां खाओ छो के नहीं?"

आता आमच्या घरी चातुर्मासात सोडलेलं वांगं थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवल्यावरच खातात. चंपाषष्ठीला अजून पंधरवडा होता. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "हमणां नथी खाता."

त्यांनी 'विरोध'च्या चौकोनात फुली मारली, आणि मी आभारही मानले.

आतलं दृश्य किळसवाणं होतं. एका बाजूला गळ्यात वांग्यांच्या माळा घातलेले लोक, दुसऱ्या बाजूला एकसारख्या नव्या टोप्या घालून बसमधून आणलेले शेतकरी. त्यातल्या एकाने मलाच विचारलं, सभा कशाची आहे. माळा तुटत होत्या, वांगी पायाखाली चिरडत होती, आणि त्या काळ्या-हिरव्या चिखलात उभे राहून दोन्हीकडचे लोक एकमेकांना विकले गेलेले म्हणत होते. व्यासपीठावरचे सरकारी साहेब दात कोरत होते. मध्येच नाश्त्याची पाकिटं आली तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं. किळस आली म्हणून मी काही पाकीट नाकारलं नाही. दोन कचोऱ्या होत्या.

विरोधकांच्या यादीत मावशीचं नाव पुकारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कचोरीत तोंड घातलं. माइकपुढे जाऊन ती शांतपणे वाचू लागली. 'हो म्हणाले तर खाईन' हे शब्द आले मात्र, माळावाले उसळले.

"माजी तो कंपनीवाळां छे! बेसाडी दो!"

टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने "तपासलं कुणी?" असं विचारलं, तशा टोप्यांनीही शिट्ट्या मारल्या. कुणीतरी माइक बंद केला. तरी तिचे ओठ हलत होते. मी उठायला हवं होतं. मांडीवर पाकीट होतं, मी बसून राहिलो. त्या सभेतली सगळ्यात घाण आठवण हीच.

सभा संपल्यावर ती व्यासपीठाशी गेली, मागून मी. साहेबांनी तिचा कागद घेतला, न वाचता ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"मुद्दो नोंधी लीधो छे, माजी."

"कुठे?"

त्यांनी रजिस्टर फिरवून दाखवलं. तिच्या नावापुढे 'विरोध'. बस.

"माझा प्रश्न?"

"प्रश्ननुं खानुं नथी." प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

मावशीने पर्समधून पेन्सिल काढली आणि समासात, वरून खाली, प्रश्न लिहायला घेतला. साहेब ओरडले, "अरे, सरकारी रजिस्टर छे!" आणि ओढू लागले.

"धर रे," मावशी मान वर न करता म्हणाली.

मी दोन्ही हातांनी रजिस्टर दाबून धरलं. तिने प्रश्नचिन्ह काढेपर्यंत सोडलं नाही. हात पुसायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे तिच्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना माझी तेलकट बोटं उमटली. तसंच ते पान दिल्लीला गेलं असेल, गेलं असेल तर.