पापलेटांनी बाहेर काढलेली बाटली

काल दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी फ्रिज उघडला आणि मासळीचा आंबूस भपका नाकात घुसला तशी मला रत्नागिरीतली आमची जुनी प्रयोगशाळा आठवली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पेशीला जे प्रथिन मोडीत काढायचं असतं, त्याला ती युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते. ती खूण धरून ठेवणारा प्रथिनाचा तुकडा बारीक मण्यांवर बसवून परदेशातून विकत मिळे. मागवल्यावर चार महिन्यांनी त्याची बोटभर बाटली आली; ती सतत थंड ठेवावी लागे. शनिवारी हातखंब्याच्या फाट्यावर मुंबईच्या गाडीतून बर्फाचं खोकं मी स्वतः उतरवून घेतलं आणि बाटली प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी पाहते तर बाटली खिडकीत, मेच्या उन्हात, आणि फ्रिजमध्ये तिच्या जागी कागदात गुंडाळलेली पापलेटं, त्यांचं गुलाबट पाणी खालच्या कप्प्यात गळत होतं. "सरांनीच भायेर ठेवायला सांगितलं, मॅडम. त्यांच्याकडे पाव्हणे येणारेत," शिपाईमामा म्हणाले. सर, म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख, हसले, "एवढ्यानं काय होतंय? लावा प्रयोग." लावला. कोळंबीच्या नमुन्यांतल्या खुणा जिथे उमटायच्या ती फिल्म कोरी आली. "कोळंबीचे नमुनेच खराब होते, असं लिहा," सर दात कोरत म्हणाले. ते नमुने माझ्या सहकारिणीनं भाट्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उतरून वर्षभर गोळा केले होते. मी तसं लिहिलं, खाली सही केली. तिनं महिन्याभरात प्रयोगशाळा सोडली. काल घरचा फ्रिज मी लिंबानं तीनदा पुसला. तिचं काम चांगलं होतं. त्याला मोडीत काढायची खूण चिकटवणारा हात माझा होता, आणि अजून घाण येते ती त्या हाताची.