धुक्यातून आलेला आवाज

खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवायचं काम अक्का कित्येक वर्षं करत होती. नवऱ्यामागे होडी तिच्या गळ्यात पडली, आणि आई गेल्यावर धाकटा भाऊही. दोघांनाही तिनेच सांभाळलं.

धुकं पडलं की भाऊ पलीकडच्या धक्क्यावर उभा राहून घंटा वाजवायचा. धुक्यात दिव्याचा उपयोग नाही. पेटवला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. म्हणून अक्का दिवा मालवून कानाच्या भरवशावर होडी न्यायची. कानही फसवायचे. घंटा घटकेत उजवीकडे वाटायची, घटकेत डावीकडे. मग ती इंजिन बंद करून, श्वास रोखून ऐकायची.

त्या सकाळी घंटा मध्येच थांबली. अक्काने इंजिन बंद केलं. पाणी निपचित पडलं होतं, आणि अशा पाण्यावरून शब्द कानाशी बोलल्यासारखे येतात. भाऊ बंदराच्या साहेबांशी बोलत होता. धुक्यात आपण कुणाला दिसत नाही, म्हणजे कुणाला ऐकूही जात नाही, असंच माणसाला वाटतं.

"अक्काला हल्ली धड दिसत नाही, साहेब. मागे होडी खांबावर घातली ती तिनेच. परवाना माझ्या नावावर करा, नाहीतर एक दिवस माणसं बुडतील."

होडी खांबावर घातली होती त्याने. आता कुणी होडीला हात लावू देणार नाही म्हणून तो रडला, तेव्हा अक्काने चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती.

होडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. रोज येणाऱ्या शाळेच्या बाई हातातल्या पिशवीकडे बघत बसल्या. इंजिन न लावता, वल्हं मारत अक्काने भावाच्या आवाजाच्या रोखाने होडी नेली आणि अलगद धक्क्याला लावली.

"अक्का, कधी आलीस? चाहूलही लागली नाही," भाऊ म्हणाला.

"होडी खांबावर कुणी घातली, ते साहेबांना सांग."

तो दोरी गुंडाळत राहिला. साहेब म्हणाले, बाई, तेव्हा तुम्हीच कबूल केलंत, आता भावावर ढकलताय. आम्ही खरं कुठलं धरायचं?

परवाना भावाच्या नावावर झाला. अक्काने चूल वेगळी केली आणि मासेमारीची जाळी विणायच्या कारखान्यात कामाला लागली. पुढे एकदा भाऊ दारात येऊन म्हणाला, होडी कधीतरी मलाच मिळायची होती ना. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. नुसती मागितली असती तरी तिने दिली असती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"मग मागायची होतीस," एवढंच ती म्हणाली, आणि अर्धवट राहिलेलं जाळं तिने मांडीवर ओढलं.