नव्या गाडीत ट्रकचं तेल

फौजेत मी ड्रायव्हर होतो. शाळा जेमतेम सातवीपर्यंत. शेवटची पोस्टिंग झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत होती, तिथूनच पेन्शनवर आलो आणि झाशीत राहिलो. गावी परत जायला बायको तयार नव्हती. तिला इथलं पाणी मानवलं होतं, भाजीवाल्याशी हिंदीत भांडताही यायला लागलं होतं. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. गाडी त्याच्या थोडीच आधी घेतली होती, तिला रिक्षात चढवत नव्हतं म्हणून.

फौजेत रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडायचं. तेल, पाणी, चाकातली हवा, सगळं बघायचं. त्याला फर्स्ट परेड म्हणतात. ती न करता गाडी काढली तर उस्ताद सगळ्यांसमोर इज्जत काढायचा. ती सवय काही गेली नाही. नव्या गाडीचंही मी रोज तेच करायचो. इंजिनात एक लांब पट्टी असते. ती ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून परत ओढायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत लागलंय ते बघायचं. बायको दारात उभी राहून बघायची. म्हणायची, "गाडीची नाडी रोज बघता, माझी कधी बघितली नाही." मी म्हणायचो, तुला काय होतंय, तू जुन्या बनावटीची आहेस. असंच बोलायचो आम्ही.

मुलगा पुण्याला नोकरीत आहे. तेराव्यानंतर तो म्हणाला, बाबा, आता इथे एकटं राहायचं नाही. मी नाही म्हटलं. दर सोमवारी मी ओरछ्याला जातो. तिच्या अस्थी तिथे बेतवा नदीत सोडल्या. घाटावर थोडा वेळ बसतो आणि परत येतो. गुडघ्यामुळे बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, गाडी मात्र चालवता येते. मुलाला हे काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, गाडी आहे, माझं चाललंय. तो म्हणाला, ठीक आहे, पण तिला एकदा जरी काही झालं तर गाडी विकायची आणि तुम्ही पुण्याला यायचं. मी कबूल केलं. उभा जन्म गाड्या चालवण्यात गेला, माझ्या हातात गाडीला काय व्हायचंय?

एका सकाळी पट्टी कोरडी दिसली. या नव्या गाड्यांचं तेल पाण्यासारखं पातळ असतं, ताजं असलं की रंगही दिसत नाही. त्यात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. बोटाला लावून बघितलं तर काही लागल्यासारखंच वाटेना. आमच्या ट्रकांत काकवीसारखं तेल असायचं. मला वाटलं, कंपनीने हलकं तेल घालून फसवलं. बस अड्ड्याजवळच्या दुकानातून ट्रकचं जाडं तेल आणलं. दुकानदाराने विचारलं, गाड़ी कौन सी है. मी म्हटलं, तुम्हें क्या, तेल दो. आणून ओतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बघितली, तरी मनाचं समाधान होईना. अजून ओतलं. इंजिन कोरडं पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्या सोमवारी ओरछ्याच्या रस्त्यावर मागून निळा धूर यायला लागला. इंजिन दमेकऱ्यासारखं ओढत होतं. घाटापर्यंत गेलोच नाही. गाडी वळवली आणि तशीच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली.

तिथे सगळं काचेचं. गिऱ्हाइकाने आत जायचं नाही, बाहेर खुर्चीवर बसून काचेतून बघायचं. माझ्या गाडीचं बॉनेट दुसऱ्याने उघडलं, पट्टीही दुसऱ्यानेच ओढली. उजेडात धरून त्याने तिचा फोटो काढला. मग तिथला साहेब बाहेर आला. साहेब म्हणजे माझ्या मुलाच्याच वयाचा असेल.

"बाऊजी, इसमें तेल किसने डाला?"

"मैंने. ट्रक वाला."

तो हसला नाही. हसला असता तर मी शिवी तरी दिली असती. अदबीने समजावत राहिला की या इंजिनाला पातळच तेल लागतं. वर ते खुणेच्या कितीतरी पुढे गेलंय, सगळं काढून इंजिन साफ करावं लागेल, आणि आत काही खराब झालं असेल तर ते वॉरंटीत बसणार नाही. मी म्हटलं, करा. तो म्हणाला, आधी मंजुरी येऊ दे. कोणाची मंजुरी म्हणून विचारलं, तर गाडीच्या कागदांवर नंबर मुलाचा होता. माझा बटणांचा फोन, म्हणून घेताना त्यानेच पुण्याहून सगळं भरलं होतं. फोटो त्याच्याकडे जाऊनसुद्धा झाला होता. मी म्हटलं, गाडी मेरी है, वापस बुलाओ वो फोटो. साहेब म्हणाला, गेलेला परत येत नाही.

मुलाचा फोन त्या साहेबाच्याच मोबाइलवर आला. त्याने आधी मंजुरी घेतली, मग फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, ट्रकचं तेल घातलंत?"

"घातलं."

"मग आता ठरल्याप्रमाणे करायचं. मी येतो न्यायला."

"मला सोमवारी ओरछ्याला जायचं असतं."

"तिथे काय आहे?"

"तुझी आई."

मी आलो की आपण दोघं जाऊ, तो म्हणाला, पण तुम्ही आता चालवायची नाही. मी चालवणारच, असं म्हणायला तोंड उघडलं. काचेपलीकडे माझ्या इंजिनातून काळं तेल तसराळ्यात पडत होतं. फोन साहेबाला परत दिला.

संध्याकाळी सेंटरचाच ड्रायव्हर मला आणि गाडीला घरी सोडायला निघाला. मी चावीसाठी हात पुढे केला, तर तो खाली बघायला लागला. मग मी डाव्या बाजूला बसलो. या गाडीत तिथे मी कधी बसलो नव्हतो. सीट पार पुढे सरकवलेली होती, बायकोचे पाय आखूड म्हणून. माझे गुडघे पुढे घासायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "बाऊजी, पीछे कर दूँ?"

मी म्हटलं, रहने दो.

घरी पोचल्यावर त्याने चावी शेजारच्या मास्टरजींना दिली. मुलाने फोन करून तसंच सांगितलं होतं. मास्टरजींनी ती खिशात घातली आणि कुठे बघावं ते त्यांना कळेना. मलाही कळेना.