पत्र्यावरचा चुना

एप्रिलमध्ये शेजारच्या घराच्या पत्र्याला चुना मारायला एक म्हातारा आला होता. कुंचल्याचे चार हात मारले की तो पत्र्याला तळहात लावून बघायचा. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही. खिडकीतून त्याला समजावलं, की चुना ऊन परतवतो आणि पत्र्यातली उष्णता आभाळात सोडतो.

"व्हय की," तो म्हणाला. "ही गरमी वर जाती. तुमच्या मशीनची कुटं जाती, सर?"

माझ्या एसीचा बाहेरचा डबा त्या पत्र्याकडेच तोंड करून होता. सकाळपासून म्हातारा त्याच्याच गरम वाऱ्यात उकिडवा बसून काम करत होता. उष्णता नाहीशी होत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितोय. मी गुपचूप खिडकी लावली. बायकोने विचारलं, तेव्हा म्हणालो, गार हवा बाहेर जाते.